लॉन दरवेळी कमी का पडतं? उणीव मोजा, चूक सापडेल

टेम्पो रिकामा झालेला असतो, माणसं पाणी पिऊन आंब्याखाली टेकलेली असतात, आणि तुळशी वृंदावनाच्या मागे दोन चटयांएवढी तांबडी माती उघडीच राहिलेली असते. घरमालक गवतवाल्याकडे बघतो, गवतवाला माळ्याकडे आणि माळी जमिनीकडे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात मी नर्सरी चालवतो, लॉन लावून देण्याची कामंही घेतो, आणि हा प्रसंग दर हंगामात दोन-तीनदा तरी माझ्यासमोर उभा राहतो. कधी उलटंही होतं. काम संपतं आणि शंभर-दीडशे चौरस फूट गवत उरतं. दुसऱ्या दिवशी त्या थप्पीत हात घातला तर आतून वाफ लागते, पाती पिवळी पडलेली असतात, आणि ते सगळं खतात टाकावं लागतं.

त्यातल्या त्यात कमी पडणं जास्त त्रासाचं. माझ्याकडे येणारं कार्पेट, म्हणजे मातीसकट कापलेल्या तयार गवताचे तुकडे, घाटावरून येतं, रात्री चोर्ला घाट उतरून पहाटे पोचतं. पन्नास-साठ फुटांसाठी कोणी वेगळी गाडी सोडत नाही. पंधरा दिवसांनी दुसऱ्या कोणाच्या मालाबरोबर आलंच, तर ते दुसऱ्या वाफ्यातलं असतं: हिरवा रंग वेगळा, पातं वेगळं, कापणीची उंची वेगळी. ते ठिगळ पुढचे दोन-तीन महिने डोळ्यांत खुपत राहतं.

यावर बहुतेकांचा उपाय एकच: पुढच्या खेपेला दहा टक्के जास्त मागवू. मला तो पटत नाही. चूक कुठे झाली हे कळल्याशिवाय वाढवलेले दहा टक्के एका ठिकाणी उरतात आणि दुसऱ्या ठिकाणी पुरत नाहीत. इतक्या वर्षांत एक गोष्ट मात्र माझ्या पक्की लक्षात आली आहे. मापातल्या प्रत्येक चुकीला स्वतःचा एक ठरावीक आकडा असतो. किती कमी पडलं किंवा किती उरलं याचा नीट हिशेब केला, की तो आकडाच चूक ओळखून देतो. म्हणून कोणाकडे बोट दाखवण्याआधी एक भागाकार करा. जेवढी जागा झाकली गेली तिला जेवढी झाकायची होती तिने भागा. गवत उरलं असेल तर मागवलेला आकडा घ्या आणि त्याला लागलेल्या आकड्याने भागा. उत्तर कागदावर लिहून ठेवा आणि पुढे वाचा.

तिसरा हिस्साही झाकला नाही

उत्तर ०.३ च्या आसपास आलं तर शोधायला लांब जाऊ नका. कोणीतरी चौरस मीटरचे चौरस फूट करताना ३.२८ ने गुणलं आहे.

आपल्या गोव्यात ही चूक जास्त होते, आणि त्याला कारण आहे. इथे जमीन चौरस मीटरमध्येच बोलतात. एक-चौदाच्या उताऱ्यावर (आपला सातबारा म्हणा) क्षेत्र चौरस मीटरमध्ये, विक्रीखतात चौरस मीटर, घराच्या परवान्यावरही तेच. पलीकडे दोडामार्ग ओलांडला की गुंठ्याची भाषा सुरू होते, पण आपल्याकडे प्लॉट म्हटला की तो तीनशे मीटर, चारशे मीटर असाच. गवत मात्र चौरस फुटाच्या दराने विकतात. मध्ये कुठेतरी बदल करावाच लागतो, आणि एका मीटरचे ३.२८ फूट हे सगळ्यांच्या तोंडी असतं. पण एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकोन घेतला, तर त्यात ३.२८ फूट लांबी आणि ३.२८ फूट रुंदी असते. दोन्हींचा गुणाकार १०.७६, काटेकोर आकडा १०.७६४. एका चौरस मीटरचे पावणेअकरा चौरस फूट, हा आकडा पाठ करून टाका. ८६ चौरस मीटरचं लॉन ३.२८ ने गुणलं तर २८२ फूट येतं, खरं लागतं ९२५ फुटांच्या जवळ.

कधी कधी फोनवर नुसतं "नव्वद पाठवा" एवढंच सांगितलं जातं. सांगणाऱ्याच्या मनात मीटर, लिहून घेणाऱ्याच्या वहीत फूट. तेव्हा अकरावा हिस्सा येतो. ही चूक टेम्पोचा मागचा फळका पडताच दिसते, त्यामुळे तिने फार नुकसान होत नाही. तरी आकड्यापुढे "चौरस फूट" हे दोन शब्द बोलून आणि लिहून द्यायची सवय लावा.

फुटांचा आणखी एक लहानसा सापळा आहे. टेपवर २७ फूट ९ इंच आलं की बरेचजण कागदावर २७.९ लिहितात. नऊ इंच म्हणजे पाऊण फूट, म्हणून ते २७.७५ हवं. ३८ फूट ११ इंच हे ३८.११ होतं, ते ३८.९२ हवं. या एका चौकोनात सतरा चौरस फुटांचा फरक पडतो, आणि तो कधी इकडे तर कधी तिकडे पडतो, त्यामुळे भागाकारातही धड ओळखू येत नाही. माझा नियम साधा आहे. टेपची मीटरची बाजूच वापरायची, सगळा हिशेब मीटरमध्ये करायचा, आणि अगदी शेवटी, एकदाच, १०.७६४ ने गुणायचं.

माप इंचाइंचाने बरोबर, तरी गवत उरलं

हा प्रकार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे मोजणाऱ्याने काळजी घेतलेली असते आणि तरीही आकडा चुकतो.

साखळी शहराजवळ एका निवृत्त मास्तरांच्या घरी आम्ही लॉन लावलं. हायस्कुलात संस्कृत शिकवायचे, माणूस नेटका. त्यांनी चारही बाजू स्वतः मोजून वहीत लिहिल्या होत्या: रस्त्याकडची १२ मीटर, तिच्या समोरची ८, उजवीकडची ९, डावीकडची १०. बारा आणि आठची सरासरी १०, नऊ आणि दहाची सरासरी साडेनऊ, दोन्हींचा गुणाकार ९५ चौरस मीटर. म्हणजे १,०२३ फूट. तेवढंच मागवलं आणि पाऊणशे फूट उरलं. कडेला कापलेल्या फाळक्या धरल्या तर जवळजवळ शंभर.

"अरे, मी स्वतः टेप धरलाय. एक इंच चुकला असेल तर दाखव मला," मास्तर म्हणाले. वहिनी टेपचं दुसरं टोक धरून उभ्या होत्या, त्यांनीही मान हलवली. मी चारही बाजू पुन्हा मोजल्या. खरंच एक इंचही चूक नव्हती.

"मास्तर, बाजू बरोबर आहेत. मधली रेघ राहिली," असं म्हणून मी फाटकाच्या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात टेप ताणला. कर्ण ११ मीटर आला. आता त्या वाकड्या चौकोनाचे दोन त्रिकोण झाले. एक १२, ९ आणि ११ चा. तीन बाजूंची बेरीज करून निम्मी घेतली, १६. त्यातून एकेक बाजू वजा केली: ४, ७ आणि ५. चारही आकड्यांचा गुणाकार २,२४०, त्याचं वर्गमूळ ४७.३३. दुसरा त्रिकोण ८, १० आणि ११ चा. निम्मी बेरीज १४.५, वजाबाकी ६.५, ४.५ आणि ३.५, गुणाकार १,४८४.४, वर्गमूळ ३८.५३. दोन्ही मिळून ८५.८६ चौरस मीटर, म्हणजे ९२४ फूट. जे शंभर फूट उरलं होतं ते ९५ आणि ८६ मधलं अंतर होतं.

मास्तर थोडा वेळ वहीकडे बघत राहिले आणि मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी विसरणार नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त नेमकं हेच लिहून ठेवलंय. चार बाजू तेवढ्याच ठेवूनही चौकोन हवा तसा तिरका करता येतो, म्हणून नुसत्या बाजूंवरून त्याचं क्षेत्रफळ ठरत नाही. कर्ण किंवा लंब न सांगता जो क्षेत्रफळ विचारतो त्याला भास्कराचार्य पिशाच म्हणतात, आणि जो उत्तर देतो त्याला त्याहून मोठं पिशाच. त्याच्याही पाचशे वर्षं आधी, ६२८ साली, ब्रह्मगुप्तांनी समोरासमोरच्या बाजूंच्या सरासरीचा गुणाकार दिलाय, पण त्याला 'स्थूल' म्हटलंय. म्हणजे ढोबळ.

त्या ढोबळपणाची दिशा ठरलेली आहे, आणि निदानाला तीच उपयोगी पडते. सरासरीचा गुणाकार खऱ्या क्षेत्रफळापेक्षा नेहमी जास्तच येतो. चारही कोपरे काटकोनात असतील तरच तो बरोबर. म्हणजे सरासरी काढून मागवलेलं गवत कधी कमी पडत नाही, उरतं. तुमचं पाच ते पंधरा टक्के उरलं असेल आणि आवार वाकडंतिकडं असेल, तर कर्ण मोजलेला नाही हे नक्की समजा. आपल्याकडची जुनी आवारं चिऱ्याच्या गडग्याने बांधलेली असतात. गडगा माडाला, विहिरीला, शेजारच्या भाटाला (माडांच्या बागेला) वळसा घालत गेलेला असतो. त्यात काटकोन सापडणं विरळा.

एक पडताळा सांगतो. जमलं तर दोन्ही कर्ण मोजा आणि दोन वेळा हिशेब करा. मास्तरांच्या आवाराचा दुसरा कर्ण १५.६६ आला. त्याच्या दोन त्रिकोणांचं उत्तर ६० आणि २५.८५, म्हणजे पुन्हा तेच. दोन उत्तरांत टक्का-दोन टक्क्यांहून जास्त फरक आला तर टेप कुठेतरी झुडपाला अडकलाय किंवा वाकलाय.

सहावा हिस्सा कमी: टेप तुकड्याला लावा

भागाकार ०.८४ च्या जवळ आला, म्हणजे शंभरातले सोळा कमी पडले, आणि तुमचं जमिनीचं माप दोनदा तपासून बरोबर निघालं, तर चूक जमिनीत नाही, तुकड्यात आहे.

कार्पेटचे तुकडे 'दोन बाय एक' म्हणून विकतात. फोंड्याच्या एका कामावर ६०० फुटांसाठी आम्ही हिशेबाने ३०० तुकडे मागवले होते. अंथरून झाल्यावर शेवटची जवळजवळ शंभर फूट जागा उघडी राहिली. माझे लोक म्हणत होते की आपणच कुठेतरी एकावर एक दाबून लावलेत. मी पुढच्या गाडीतले दहा तुकडे चिरेबंदी व्हरांड्यावर कडेला कड लावून लांबीत मांडले. वीस फूट भरायला हवे होते, भरले १८ फूट ४ इंच. मग तेच दहा रुंदीत मांडले. दहा फुटांच्या जागी ९ फूट २ इंच. म्हणजे एक तुकडा २४ बाय १२ नव्हता, २२ बाय ११ इंचाचा होता. एकेका बाजूला एक-दोन इंच, हातात धरलं तर कळतही नाही. पण २२ गुणिले ११ म्हणजे २४२ चौरस इंच, तो होतो १.६८ चौरस फूट. तीनशे तुकड्यांत ५०४ फूट. लागायला हवे होते ३५८ तुकडे.

यात दरवेळी लबाडीच असते असं मी म्हणणार नाही. फावड्याने काढताना कड तुटते, वाळली की आणखी आक्रसते, लावताना ती सुकलेली कड माळी छाटून टाकतो. पण तोटा घरमालकाचाच होतो. म्हणून मागवतानाच विचारून घ्या: दर तुकड्यावर आहे की अंथरलेल्या फुटावर? तुकड्यावर असेल तर गाडी उतरायच्या आधी दहा तुकड्यांची ही मांडणी करा. एकच तुकडा मोजू नका. एका तुकड्यात कड नेमकी कुठून धरायची हे ठरत नाही, दहांत ती चूक वाटली जाते. मिळालेल्या मापाने भागून तुकड्यांची संख्या काढा आणि अपूर्णांक आला तर वरचा पूर्ण आकडा घ्या.

तुकडे सैल लावल्यानेही हिशेब बिघडतो, पण दुसऱ्या बाजूने. गवत पुरवायचं म्हणून मध्ये दोन-दोन बोटं फट ठेवतात, आणि पहिल्या दिवशी 'पुरलं' असं वाटतं. आठवड्याभरात फटी उघड्या पडतात, तिथे नागरमोथा वर येतो. फट ठेवून पुरवलेलं लॉन कमीच पडलेलं असतं, हे लक्षात ठेवा.

गोल, आळी आणि वळणं

उत्तर चौपट आलं तर वर्तुळात व्यास घातलाय, त्रिज्या नाही. सहा मीटर व्यासाचं गोल लॉन म्हणजे त्रिज्या तीन, क्षेत्रफळ २८.३ चौरस मीटर. सहालाच त्रिज्या धरलं की ११३ होतात.

माडाच्या आळ्याचं वजा करतानाही हीच चूक होते, आणि तिथे एक खरी अडचणही आहे: मधोमध माड उभा असतो, टेप आरपार जात नाही. लोक मग अंदाजाने अर्धं माप घेतात. त्यापेक्षा आळ्याच्या कडेने टेप गोल फिरवा. घेर मिळाला की त्याचा वर्ग करून ०.०८ ने गुणा. अगदी काटेकोर हवं तर ०.०७९६ ने. आळ्याचा घेर ६.६ मीटर असेल तर ६.६ गुणिले ६.६ म्हणजे ४३.५६, त्याला ०.०७९६ ने गुणलं की साडेतीन चौरस मीटर. असे तीन माड असले तर शंभराहून जास्त फूट गवत वाचतं. आळं बुजवून बुंध्यापर्यंत लॉन न्यावं असं मात्र कोणी सुचवलं तर ऐकू नका. माडाच्या खत-पाण्यासाठी १.८ मीटर त्रिज्येचं आळं शिफारस केलेलं असतं. तेवढं ठेवलं तर एकाच माडाचे दहा चौरस मीटर वजा होतात.

वळणदार कडा हे बहुतेक उणिवांचं दुसरं घर. गाडीच्या वाटेला लागून चंद्रकोरीसारखा पट्टा असतो, त्याची लांबी आठ मीटर आणि मधली सर्वांत जास्त रुंदी ३.१. कोणी सरळ गुणाकार करून २४.८ म्हणतो, कोणी 'निम्मं धरा' म्हणून १२.४. दोन्ही चूक. मी काय करतो ते सांगतो. आधी पाण्याचा पाइप कडेने टाकून वळण मनासारखं करून घ्यायचं आणि त्यावर चुन्याची फक्की मारायची. मग सरळ बाजूने दोरी ताणायची, दोरीवर दर मीटरला खूण करायची, आणि प्रत्येक खुणेपासून काटकोनात वळणापर्यंतची रुंदी मोजायची. त्या पट्ट्यात मला ०, १.४, २.३, २.९, ३.१, २.८, २.२, १.३ आणि ० अशी मापं मिळाली. खुणा एकेका मीटरवर असल्या की काम सोपं: पहिलं आणि शेवटचं माप निम्मं धरायचं, बाकीची पूर्ण, आणि बेरीज करायची. इथे १६ चौरस मीटर आले. वळण बाहेर फुगलेलं असेल तर ही रीत किंचित कमी दाखवते, कारण दोन खुणांमधली फुगोटी ती सरळ रेषेत कापते. त्यासाठी अर्ध्या मीटरवर खुणा घ्या आणि बेरजेला अर्ध्याने गुणा.

जे मोजायचंच नाही

वळचणीखालचा पट्टा सुरुवातीलाच बाजूला काढा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि कौलांवरून येणारं सगळं पाणी पागोळ्यांच्या एका रेषेत जमिनीवर आपटतं. जुलैत तिथे गवत उभंच राहत नाही. आधी पातं झोपतं, मग मुळं उघडी पडतात, शेवटी चर पडतो. तिथे साठ सेंटिमीटर रुंदीची खडी टाका. घराची बाजू नऊ मीटर असेल तर ५.४ चौरस मीटर, म्हणजे ५८ फूट, मागवायचेच नाहीत. फणसाची आणि आंब्याची दाट सावलीही अशीच वजा करा. हरळीच्या जातीचं गवत उन्हाचं आहे, सावलीत ते महिन्याभरात विरळ होतं.

काही जण जमिनीवर टेप न लावता कागदावरच वजाबाकी करतात. प्लॉट ४०० मीटर, घर २२० मीटर, उरलं १८०. पण २२० हे दोन मजल्यांचं मिळून बांधकाम असतं, घर जमिनीवर बसलेलं असतं १२० वर. मग विहीर, गाडीची वाट, टाकीचं झाकण हे काही त्या कागदावर नसतं. अशा कागदावरून मी कधीच गवत मागवत नाही.

फोन हातात घेऊन कडेने चालत क्षेत्र काढणारी ॲप आहेत. मोकळ्या आकाशाखालीही फोनच्या जीपीएसची जागा चार-पाच मीटर इकडेतिकडे असू शकते, आणि आंब्याखाली आणखी. मैदानासाठी ठीक आहे. दहा मीटरच्या लॉनला त्याचा उपयोग नाही.

उताराबद्दल लोक फार घाबरतात आणि बांधाकडे मात्र दुर्लक्ष करतात. पाणी जावं म्हणून दिलेला वीसास एकचा उतार क्षेत्रफळात काडीचाही फरक करत नाही. पण आवाराच्या टोकाला दीड मीटर उंचीचा बांध असेल आणि आराखड्यावर तो तीन मीटर रुंद दिसत असेल, तर उतारावरची खरी रुंदी ३.३५ मीटर आहे. बारा मीटर लांबीत ४५ फूट गवत वाढतं. बांधावर टेप हवेत आडवा ताणू नका, जमिनीला टेकवून वरपासून खालपर्यंत आणा.

कधी मोजायचं

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी फोन वाढतात. पाहुणे यायच्या आत अंगण हिरवं हवं असतं, आणि नेमकं तेव्हाच माप घेणं सगळ्यात अवघड असतं. पावसाने लाजाळू आणि रान इतकं माजलेलं असतं की गडग्याचा पाया दिसत नाही, टेप रानावरून वाकून जातो आणि प्रत्येक बाजू थोडी थोडी वाढते. चारही बाजूंची हातभर पट्टी आधी साफ करून घ्या, मग टेप काढा. टेप दोघांनी धरायचा. शून्याच्या टोकाला उभ्या असलेल्याने कडी धरून मोजायचं की कडीच्या पुढून, हे आधी बघून घ्यायचं, कारण प्रत्येक टेपचं शून्य वेगळ्या ठिकाणी असतं. चवथीआधी माती तयार होत नसेल तर मी लोकांना थांबायला सांगतो. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, लावलेलं लॉन माझ्या अनुभवात जास्त चांगलं धरतं.

याच क्षेत्रफळावर मातीचाही हिशेब होतो, म्हणून एक चूक दोनदा पैसे घेते. ८६ चौरस मीटरवर पाच सेंटिमीटर थर म्हणजे ४.३ घनमीटर, साधारण दीड ब्रास. जागेचा आकडा तिप्पट चुकला की मातीचाही तिप्पट चुकतो.

सगळं वजा करून जो आकडा राहील त्यावर काप-छाटीचं वाढवा. सरळ कडा असतील तर पाच टक्के, वळणं आणि आळी असतील तर दहा. हे दहा टक्के कापण्यासाठी आहेत, मापातल्या चुका झाकण्यासाठी नाहीत.

आता कमी पडलंच आहे, तर

दुसऱ्या गाडीची वाट बघत बसू नका. आधी उणीव कुठे ठेवायची ते ठरवा. फाटकापासून दिसणारा भाग पूर्ण भरा, आणि गरज पडली तर मागच्या बाजूचे ताजे तुकडे अलगद उचलून पुढे आणा. कडेला नेहमी पूर्ण तुकडा लावा आणि कापलेला मध्ये. कडेची अरुंद फाळकी दोन उन्हांत वाळून जाते, मध्ये मात्र तीच चारी बाजूंच्या ओलाव्यावर जगते.

मागे उघड्या राहिलेल्या जागेसाठी शेवटचे पाच-सहा तुकडे राखून ठेवा आणि त्यांच्या मुळासकट मूठ-मूठभर जुड्या सोडवा. चार बोटांच्या अंतरावर त्या मातीत दाबून बसवा, वर पायाने घट्ट करा. हरळीच्या जातीचं गवत असेल तर ते जमिनीवरून धावतं आणि दीड-दोन महिन्यांत जुड्या एकमेकींना मिळतात. कोरियन गवत फार सावकाश पसरतं, तिथे जुड्या अजून जवळ लावा आणि बराच काळ धीर धरा. पहिले दहा दिवस त्या पट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ झारीने हलकं पाणी घाला, पाइपची धार नको, आणि कुत्र्याला तेवढे दिवस तिकडे सोडू नका.